आई-वडिलांमागे राहिलेलं घर आवरताना

तेरावा होतो, पाहुणे पांगतात आणि भावंडांपैकी कोणीतरी म्हणतं, "आता सगळे आलोच आहोत, तर घरही आवरून टाकू." कोणाची रजा संपत आलेली असते, कोणाचं परतीचं विमान असतं. हेतू चांगलाच असतो. पण चाळीस वर्षं नांदतं असलेलं घर दोन दिवसांत रिकामं करायला घेतलं की कामाचे कागद रद्दीत जातात, शिसवी कपाट मोडीच्या भावाने जातं आणि "मला न विचारता दिलंत" हे वाक्य पुढे प्रत्येक लग्नाकार्यात ऐकावं लागतं. क्रम पाळला तर हे सगळं टळतं. आधी कागद, मग माणसं आणि वस्तू सगळ्यात शेवटी. जे घर रिकामं करण्याची घाई नाही, तिथे वर्षश्राद्धापर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही.

पहिल्या दोन दिवसांत एवढंच करा

फ्रिज रिकामा करून पुसा, बंद करा आणि दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर महिन्याभरात आत बुरशी धरते. गॅसचा रेग्युलेटर काढा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा. उघडी पिठं, डाळी, रवा ठेवू नका. पोरकिडे एका डब्यातून सगळ्या घरात जातात. दूध आणि पेपर बंद करा. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते विचारा. शेजारच्या काकूंकडे एक, कामाच्या मावशींकडे एक आणि गावच्या चुलतभावाकडे एक असं बहुतेक घरांत असतंच. कोणावर अविश्वास दाखवायचा नाही, पण किल्ली कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे.

मग मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. कपाटं, खण, माळा, देव्हारा, सगळं उघडून. हा व्हिडिओ सगळ्या वारसांना त्याच दिवशी पाठवा. पुढे "तिथे चांदीचं तबक होतं" असा विषय निघाला तर या दहा मिनिटांच्या व्हिडिओने बरेच गैरसमज मिटतात.

आजारपण लांबलं असेल तर ऑक्सिजनचं यंत्र, वरखाली होणारा पलंग, हवेची गादी यातलं काय भाड्याने आणलं होतं ते पाहा आणि पहिल्यांदा परत करा. भाडं चालू राहतं आणि अनामत रक्कम अडकते. कॅन्सरच्या रुग्णाच्या घरात मॉर्फिनच्या गोळ्या किंवा अंगावर चिकटवायच्या वेदनाशामक पट्ट्या उरलेल्या असतात. त्या मोजून, पाकिटासह रुग्णालयाच्या वेदनाशामक विभागात नेऊन द्या. घरात परवान्याची बंदूक असेल, गावाकडच्या वाड्यांत अजूनही सापडते, तर ती तुमच्या नावावर नाही हे लक्षात ठेवा. पोलीस ठाण्यात कळवून जमा करायची आणि नंतर हवी असल्यास वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा.

सिमकार्ड मात्र बंद करू नका. बँक, डीमॅट, भविष्यनिर्वाह निधी, वीजबिल, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. सगळे दावे मिटेपर्यंत लहानसं रिचार्ज मारत राहा. पण त्या फोनवरून यूपीआयने पैसे काढणं किंवा एटीएम कार्ड वापरणं टाळा. खातेदार गेल्यानंतर ते पैसे सर्व वारसांचे असतात आणि एकाने काढले की हिशेब द्यायची वेळ येते. दवाखान्याची बिलं भागवायला म्हणून काढले असले तरी.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर रुग्णालय कळवतं, घरी झाला असेल तर ते काम आपलं. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि स्पेलिंग आधारकार्डाशी जुळतंय ना, हे खिडकीवरच तपासा. एका अक्षराच्या फरकासाठी बँक प्रतिज्ञापत्र मागते.

आता घरातले कागद. नियम एकच, पहिल्या फेरीत एकही कागद फेकायचा नाही. चार मोठ्या खोक्यांवर मार्करने "घर", "पैसा", "सरकारी", "माहीत नाही" असं लिहा आणि सगळं त्यात टाकत जा. "माहीत नाही"चं खोकं सगळ्यात आधी भरतं. भरू द्या.

शोधायचं कुठे? आपल्या आधीच्या पिढीने कपाटाच्या लॉकरपेक्षा वेगळ्या जागांवर जास्त विश्वास टाकला. साड्यांच्या घडीत, कपाटाच्या खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, तांदळाच्या पिंपात, पोथीच्या बासनात, दिवाळी अंकांच्या पानांत, तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यात. दिवाणाचा कप्पा पूर्ण रिकामा करून तळ ठोकून बघा. भिंतीवरची कॅलेंडरं फाडू नका. गॅस कधी आला, कोणाला किती उसने दिले, ठेवीची मुदत कधी संपते, हे तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका नातेवाइकांच्या घरी पतसंस्थेतल्या ठेवीचा पत्ता असाच लागला. पावती कुठेच नव्हती, पण मार्च महिन्याच्या पानावर "पतसंस्था, नूतनीकरण" आणि पुढे पावतीचा क्रमांक होता.

बाजूला काढायचे कागद म्हणजे मृत्युपत्र, घराचा करारनामा आणि इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं भागप्रमाणपत्र, सातबारा आणि आठ-अ, विम्याच्या पॉलिसी, बँकेची आणि पोस्टाची पासबुकं, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), भाड्याच्या पावत्या आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं. मृत्युपत्र सापडलं तर त्याची पिन काढू नका, त्यावर काही लिहू नका, पंच करून फायलीत लावू नका. स्कॅन करून प्रत सगळ्यांना पाठवा आणि मूळ एका माणसाकडे ठेवा.

जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रं दिसली आणि कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नसलं तरी फेकू नका. कंपन्यांची नावं बदलतात, त्या दुसऱ्या कंपनीत विलीन होतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, पण वारसांना ते परत मागता येतात. तसंच दहा वर्षं हात न लागलेल्या बँक ठेवींचं आहे. ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या संकेतस्थळावर नाव टाकून अशा ठेवी शोधता येतात. तिथे आईचं माहेरचं नाव टाकूनही शोधा. लग्नाआधी नोकरी केलेल्या बायकांची खाती त्याच नावाने असतात.

नोटा सापडल्या तर वेगवेगळ्या करा. 2016 साली रद्द झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटा आता कुठेच बदलून मिळत नाहीत आणि त्या दहापेक्षा जास्त बाळगणं 2017 च्या कायद्याने गुन्हा आहे. आठवण म्हणून एखाददुसरी ठेवायला हरकत नाही. 2000 च्या नोटांचं तसं नाही. बँका त्या घेत नसल्या तरी रिझर्व्ह बँकेच्या निवडक कार्यालयांत त्या खात्यात जमा करता येतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पोस्टानेही पाठवता येतात.

बँकेच्या लॉकरला नॉमिनी असेल तर साक्षीदारांसमोर यादी करून आतल्या वस्तू ताब्यात मिळतात. यादीची प्रत मागून घ्या आणि जमलं तर सगळे वारस एकाच वेळी हजर राहा.

माणसं: कोणाचं काय, हे आधी बोलून घ्या

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. नॉमिनी सहसा सर्व वारसांच्या वतीने पैसा किंवा वस्तू ताब्यात घेतो. मालकी मृत्युपत्राने ठरते, ते नसेल तर वारसा कायद्याने. सोसायटीतही नॉमिनीच्या नावाची नोंद झाली म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीला "तुला काय हवं ते एक घेऊन जा" म्हणणं प्रेमाचं वाटतं, पण ती पाहुणी नाही, वारस आहे. घर आवरायचं ठरवतानाच तिला बोलवा, आवरून झाल्यावर नाही.

मुंबईत पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने घेतलेली खोली असेल किंवा कुठेही जुनं भाड्याचं घर असेल, तर सामान हलवण्याआधी वकिलाला विचारा. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूपणाचा हक्क मिळतो. रिकामी खोली, दुसऱ्या पत्त्यावर हलवलेलं रेशनकार्ड आणि बंद केलेली वीज हे सगळं त्या हक्काच्या विरोधात दाखवता येतं. घाईने आवरलेल्या घरामुळे होणारं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. म्हणून पागडीच्या खोलीत सोबत राहणारं कोणी असेल तर आवरायला घेऊच नका. आधी भाडेपावती त्यांच्या नावावर करून घ्या.

वस्तूंची वाटणी करताना पैशाच्या वस्तू आणि आठवणीच्या वस्तू वेगळ्या ठेवा. सोनं-चांदी सराफाकडून वजन आणि शुद्धता काढून कागदावर आणा, मग बोला. आठवणीच्या वस्तूंसाठी पाळी लावण्याची पद्धत मला सगळ्यात न्याय्य वाटते. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा, प्रत्येकाने एक वस्तू उचलायची, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. जावई आणि सुना या फेरीत नसाव्यात, नातवंडं मात्र जरूर असावीत. आजोबांचं भिंग किंवा आजीचा अडकित्ता नातीला हवा असतो, हे मोठ्यांच्या ध्यानातही नसतं. परदेशातल्या भावंडाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्याच्या वस्तू वेगळ्या पेटीत नावासह ठेवा. एक सूचना त्यांच्यासाठी: शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. आजोळची पंचधातूची मूर्ती बॅगेत घालण्याआधी हे तपासा.

वस्तू: स्वयंपाकघरापासून सुरुवात, फोटो शेवटी

ज्या खोलीत रडू कमी येईल तिथून सुरुवात करा. न्हाणीघर, किराणा, प्लॅस्टिकचे डबे, जुनी बिलं. फोटोंचा अल्बम पहिल्या दिवशी उघडला की त्या दिवसाचं काम तिथेच थांबतं.

भांड्यांत पितळ, तांबं आणि कासं ओळखणारं माणूस सोबत हवं. काळं पडलेलं घंगाळ, बंब, जर्मनच्या पातेल्यांखाली दबलेली काशाची वाटी हे सगळं एकाच पोत्यात भंगारात जातं आणि स्टीलच्या भावाने तोललं जातं. धातू वेगवेगळे करा, घरच्या काट्यावर आधी वजन करा आणि मगच मोडवाल्याला बोलवा. नक्षीची समई, पानाचा डबा, मोठी परात, अशा वस्तूंना मोडीपेक्षा जुन्या वस्तूंच्या बाजारात जास्त किंमत येते. भांड्यावर कोरलेलं नाव आणि साल वाचून बघा. आईच्या लग्नातलं भांडं कोणाला ना कोणाला हवं असतंच.

कपड्यांबाबत घराघराची रीत वेगळी. काही घरांत दहाव्या-बाराव्याला कपडे, अंथरूण, छत्री, चपला दान देतात, काही घरांत वापरलेले कपडे कोणाला देतच नाहीत. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तेच करा. द्यायचे असतील तर धुऊन, बटणं लावून, खिसे आणि साडीचे पदर तपासून द्या. फाटके कपडे दान म्हणून पाठवू नयेत, ते फेकण्याचं काम आपण दुसऱ्यावर ढकलतो. मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरं गोधडी शिवणाऱ्या बाईंकडे द्या. आईच्या साड्यांच्या गोधड्या करून भावंडांनी एकेक घेतली, अशी घरं मला माहीत आहेत आणि कपड्यांची वाटणी याहून चांगली झालेली मी पाहिलेली नाही. जरीच्या जुन्या पैठण्या मात्र बोहारणीला देऊ नका. खऱ्या जरीत चांदी असते.

औषधं शेजाऱ्यांना वाटू नका आणि बेसिनमध्ये ओतू नका. मुदत उरलेल्या, न उघडलेल्या पट्ट्या एखादा धर्मादाय दवाखाना तपासून घेत असेल तर तिथे द्या. बाकीच्या पट्ट्या कापून वेगळ्या पिशवीत, "घरगुती घातक कचरा" असं लिहून कचरावेचकाच्या हातात द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून झाकण चिकटवा. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ती सुई जाते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची मात्र फेकूच नका. जवळपास प्रत्येक शहरात रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र भाड्याने देणारी केंद्रं आहेत, ती आनंदाने घेतात.

पुस्तकांचा प्रश्न अवघड आहे. ग्रंथालयांना जागा नसते, म्हणून टेम्पो भरून नेऊ नका. आधी यादी पाठवा. शाळा, गावचं वाचनालय, अभ्यासिका यांना चालू विषयांची पुस्तकं हवी असतात. पण मोडी लिपीतले कागद, हस्तलिखित पोथ्या, जुनी रोजनिशी, संस्थानी काळातली पत्रं, नियतकालिकांचे जुने सलग अंक असं काही निघालं तर ते रद्दीच्या काट्यावर चढू देऊ नका. पुण्यात 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, 1917 ची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, अशा संस्थांना फोटो पाठवून विचारा. एखाद्या कुलकर्ण्यांच्या दप्तरातला चिटोरा गावाच्या इतिहासातली तारीख पक्की करू शकतो. घरच्यांना तो वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

देवघराला हात लावण्याआधी कुलाचार पुढे कोण चालवणार ते ठरवा. टाक त्याच्याकडे जातात. आईची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण माहेरहून आलेले असतात, ते बहुतेक घरांत लेकीकडे जावेत असं मानतात. भंगलेल्या मूर्ती आणि जीर्ण तसबिरी नदीत सोडू नका. फ्रेम, काच आणि खिळे वेगळे करा, कागद निर्माल्य कलशात. कोणीच देव नेऊ शकत नसेल तर गुरुजींना विचारून एखाद्या मंदिरात परवानगीने द्या. पारावर ठेवून येणं नको.

आता फोटो. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला, बहुधा आत्या किंवा मोठी मावशी, यासाठी खास बोलवा. टेबलावर फोटो मांडा, रेकॉर्डिंग चालू करा आणि फक्त विचारत राहा. "ही कोण?" "ही आमची चंपूताई, हिला बडोद्याला दिली. हा मागे उभा आहे तो तिचा दीर, लढाईत होता." फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनची शाई पुढे उमटते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. फोटो आणि पान यांमधून पातळ दोरा हळूहळू सरकवत नेला की सुटतात. न सुटले तर पानासकट स्कॅन करा. आत्या दमली की थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. या कामाला जेवढे दिवस लागतील तेवढे द्या, कारण ही नावं दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत.

मदत घ्यायची तर कशी

घर लहान असेल, दोन-तीन भावंडं जवळ राहत असतील तर चार-सहा शनिवार-रविवारांत काम होतं. चौथा मजला आणि लिफ्ट नाही, घरात वाळवी किंवा उंदीर, सगळे परगावी, किंवा त्या घरात पाऊल ठेवणंच जमत नाही अशी मनाची अवस्था, यातलं काहीही असेल तर पैसे देऊन माणसं लावण्यात कमीपणा नाही. आईवरची माया आपण किती खोकी उचलली त्यावरून ठरत नसते.

आपल्याकडे हे काम एकाच माणसाकडे क्वचितच सोपवता येतं. घर लावून देणारे व्यावसायिक मुंबई-पुण्यात आता आहेत. ते वर्गवारी, खोकी, याद्या करतात आणि दिवसावर किंवा तासावर पैसे घेतात. सामान हलवायला पॅकर्स, लाकूडसामानाला जुनं फर्निचर घेणारे, उरलेल्याला रद्दीवाले आणि भंगारवाले. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था जुन्या वस्तूही गोळा करते. टीव्ही, बॅटऱ्या, जुने संगणक अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्या आणि त्याआधी हार्डडिस्क काढून घ्या.

"सगळं उक्तं घेतो, घर झाडून देतो" असं म्हणणारा भंगारवाला मोहात पाडतो. त्याला सगळ्यात शेवटी बोलवा, वस्तू वेगळ्या झाल्यावर. निदान तिघांकडून भाव घ्या आणि तिघांनाही तोच ढीग दाखवा. सागवानी आणि शिसवी फर्निचरचे फोटो आधीच दोन-तीन जुन्या फर्निचरवाल्यांना पाठवा. प्लायवूडच्या कपाटांना फारसा भाव येत नाही, उलट ती काढून न्यायचे पैसे द्यावे लागतील, हे आधीच मान्य करा. बोलणी झाली की मोबाइलवर लिहून घ्या: काय नेणार, काय नाही, हमाली कोणाची, किती माणसं, आत सापडलेले पैसे किंवा दागिने परत देणार ना. बयाणा थोडा, बाकी काम झाल्यावर. आणि घरचं एक माणूस पूर्ण वेळ दारात उभं राहिलंच पाहिजे.

सोसायटीच्या सचिवांना आधी सांगा. बहुतेक ठिकाणी सामान बाहेर न्यायला पत्र लागतं, लिफ्टची वेळ ठरलेली असते. आणि आई-बाबांची सेवा केलेल्या मावशींना किंवा काळजीवाहू मुलाला विचारा, त्यांना काय उपयोगी पडेल. मिक्सर, शिवणयंत्र, पलंग देताना चिठ्ठी करून द्या, म्हणजे गेटवर त्यांना कोणी अडवणार नाही.

घर बंद करताना

गॅसचं कनेक्शन वारसाच्या नावावर करा किंवा सिलिंडर, रेग्युलेटर आणि पुस्तक जमा करून अनामत परत घ्या. महावितरणचं बिल, मालमत्ता कर, पाणीपट्टी, सोसायटीची देणी यांची शेवटची पावती एका फायलीत. पेन्शन देणाऱ्या बँकेला लगेच कळवा, कारण मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत जाते आणि उशीर झाला तर कुटुंब निवृत्तिवेतनाचं कामही लांबतं. ज्या वर्षी मृत्यू झाला त्या वर्षीचं प्राप्तिकर विवरणपत्र वारसाने भरायचं असतं, पॅनकार्ड त्यानंतर परत करायचं. गावी शेती असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या.

घर विकायचं ठरलं नसेल आणि काही काळ बंद राहणार असेल, तर पावसाळ्याआधी गच्चीची आणि खिडक्यांची गळती बघून घ्या, वाळवीची फवारणी करा, लाकडी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन नळ सोडेल, संडासात पाणी ओतेल आणि खिडक्या तासभर उघडेल अशी सोय लावा. त्यासाठी शेजारच्या मुलाला ठरावीक पैसे द्या. फुकटच्या मदतीवर बंद घर फार दिवस टिकत नाही.